सारवणाच्या रंगाचं एपॉक्सी

आमच्या घरच्या बैठकीत बापूजींनी वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं. बापूजी म्हणजे माझे वडील. हे ऐकलं की माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे संशयाने बघतो. तसं काही नाही. बापूजी त्याच घरात, बैठकीला लागून असलेल्या आतल्या खोलीत दिवाणावर बसलेले असत. न्हाणी त्याच खोलीला जोडून, जेवणाचं ताट तिथेच. बैठकीत यायला मधे नुसतं एक दार. पण दाराच्या पलीकडे टाईल होती. पांढरी, गुळगुळीत, वाकून पाहिलं तर भांग पाडता येईल अशी. घर विकणाऱ्याने ती आम्हाला दागिना दाखवावा तशी दाखवली होती आणि आम्हीही दागिना पाहावा तशीच पाहिली होती. त्या दागिन्यावरून बापूजींचा पाय सरकला. हाडाला काही झालं नाही. डॉक्टरने फोटो उजेडाकडे धरून "हड्डी एकदम पास" असा निकाल दिला. मोडला होता तो धीर, आणि धीर फोटोत येत नाही.

हा माणूस उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होता. मशीन चालू असताना पट्ट्याखालून वाकून जाणारा. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मार्केट यार्डच्या फाटकासमोर पानवाल्याच्या बाकड्यावर बसून निम्म्या भैंसा गावाची उलटतपासणी घेणारा. तो आता दाराच्या चौकटीला धरून उभा राही, टाईलकडे बघे आणि परत फिरे.

"तुमचा समिंदर तुमालेच लखलाभ," म्हणे.

"बापूजी, मी हात धरतो ना."

"मले हात नोको, भुई पायजे. पाय धरते तिले भुई म्हनतेत. हे तं पाय सोडून देते."

रेणुकाने, म्हणजे आमच्या घरच्या कारभारणीने, सतरंजी टाकून पाहिली. सतरंजी बापूजींच्या आधी सरकली. मग रबरी चटई आणली, तिचा कोपरा वर आला आणि त्यात मीच अडखळलो. पुढे पुढे बापूजी चौकटीपर्यंतसुद्धा येईनासे झाले. बाकड्यावरचे दोस्त काही दिवस घरी येऊन गेले. पण घरी येऊन दुसऱ्याची निंदा करायला मोकळेपणा वाटत नाही, सून चहा घेऊन येते. तेही थांबले.

मी एका अडत दुकानात हिशेब लिहितो. त्यामुळे माणसांकडे जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी बघायची मला खोड लागली आहे. बापूजींच्या खात्यावर जमेला काही येत नव्हतं आणि शिल्लक रोज घटत होती, हे कळायला मला मोठी वही उघडावी लागली नाही. फरशी बदलायची असं मी ठरवलं आणि ते स्वयंपाकघरात, अगदी हळू आवाजात, फक्त रेणुकाला सांगितलं.

संध्याकाळी शेजारचे उद्धवराव आले.

उद्धवरावांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे ते किरकोळ विकतात, सल्ला ठोक.

"टाईल उखडता म्हने? भगवंतराव, दिमाग ठिकान्यावर हाय ना? खालचं सारं ढिल्लं होईन. आता जमाना एपॉक्सीचा हाय."

"ते काय असतं?"

"निजामाबादले एका दवाखान्यात पाह्यलं म्या. फरशी नाईच तिथं! ओततेत. पान्यावानी ओतलं का सकाळी दगड. एक सांधा नाई."

फरशी ओततात ही कल्पना मला इतकी आवडली की मी त्यांना दुसरा चहा पाजला. जमाखर्चाच्या दृष्टीने ती माझी पहिली चूक. चहा दुसरा झाला की उद्धवराव त्या कामाचे भागीदार होतात.

त्यांच्याच ओळखीने नांदेडहून चंपत नावाचा ठेकेदार आला. बारीक अंगाचा, गोड बोलणारा, पिशवीत नमुन्याच्या फळ्या घेऊन हिंडणारा. तेव्हा कळलं की ओतण्यातसुद्धा प्रकार असतात. चंपतने तिन्ही फळ्या माझ्यापुढे मांडल्या आणि वधूपक्षाकडच्या मध्यस्थाने स्थळं सांगावीत तशी तो एकेक सांगू लागला.

"हे साधं एपॉक्सी बघा काका. चकाकी बघा. दिसायला एक नंबर. फक्त उन्हात ठेवलं की पिवळं पडतंय आणि पाणी सांडलं की जरा निसरडं होतंय."

"आणि हे?"

"त्याच एपॉक्सीत बारीक वाळू पेरायची. पाय घट्ट बसतोय, हत्ती चालवा. पण पुसायला जरा कडक. फडकं फाटतंय."

तिसरी फळी त्याने फडक्याने पुसून दिली. तिला चकाकी नव्हती, हात फिरवला की मऊ लागत होती. "हे पीयू. पॉलियुरेथेन. ऊन सोसतंय, ओरखडा सोसतंय, पायाला थंड लागत नाही. पण काका, हे नुसतं नाही बसत. आधी खाली एपॉक्सी पाहिजे."

"म्हणजे पहिलीशी लग्न लावल्याशिवाय तिसरी मिळत नाही?"

"तसंच समजा," चंपत अतिशय गंभीरपणे म्हणाला.

यानंतर आमच्या ओसरीवर जी चर्चा झाली तेवढी चर्चा आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. उद्धवराव चकाकीच्या बाजूचे. दवाखान्यात चकाकी होती, म्हणून घरातही चकाकी हवी. पलीकडच्या सोनाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. जगातली प्रत्येक वस्तू लेकरू काय करील या एका कसोटीवर त्या पारखतात.

"भाऊजी, हळद सांडली तं डाग जाईन का?"

"लगेच पुसली तर जाईल," चंपत म्हणाला.

"अन् नाई पुसली तं?"

"मावशी, मग थोडा राहतोय."

"म्हंजे घरात लगीन नाई कराचं," सोनाबाईंनी नोंद केली.

रेणुकाला पुसायला सोपं हवं होतं. बापूजींना पाय धरणारं हवं होतं. मला दोघांना हवं ते हवं होतं आणि शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याने "वा!" म्हणावं असंही वाटत होतं. ही शेवटची बाब मी उघडपणे मांडली नाही.

अखेर मी प्रयोग करायचं ठरवलं. तिन्ही फळ्या ओसरीवर ओळीने मांडल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि चालून पाहू लागलो. आधी कोरड्यावर, मग पाणी टाकून. रेणुका तांब्या घेऊन उभी, उद्धवराव पंच, आणि सोनाबाई चार बायकांना घेऊन आल्या होत्या, कशासाठी ते मी विचारलं नाही. वाळूची फळी पास झाली. पीयूची झाली. चकाकीच्या फळीवर रेणुकाने पाणी टाकलं, मी आत्मविश्वासाने उजवा पाय ठेवला, आणि पुढच्या क्षणी ओसरीवर बसलेला होतो. मी पडलो असं लोक म्हणतात. मी बसलो. फक्त ठरवलेल्या जागेपासून जरा लांब.

"भाऊजी, हे वालं नका घेऊ," सोनाबाई म्हणाल्या.

आतून आवाज आला, "कोन पडलं रे?"

"कुणी नाही बापूजी!"

"मंग आवाज कायचा झाला?"

"फळी पडली."

"फळी 'अयाया' म्हनते काय?" आणि आतून बापूजींचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी ऐकलं ते मी मोजलं नाही. पण रेणुकाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि माझ्या कमरेची कळ त्या खात्यात वळती करून टाकली.

निवाडा झाला. टाईल घासून खाली एपॉक्सी, वरून बिनचकाकीचं पीयू. राहिला रंग. उद्धवराव म्हणाले पांढरा, रेणुका म्हणाली राखाडी, आणि चंपतने हुशारी करून रंगांचा पंखा थेट बापूजींच्या दिवाणाशी नेला. बापूजींनी चष्मा लावला, एकेक पट्टी मागे टाकली आणि एकीवर बोट दाबलं.

"हे."

तो रंग हिरवट, तपकिरी, ओलसर असा काहीतरी होता. चंपतच्या पुस्तकात त्याला कसल्याशा विलायती फळाचं नाव होतं. पण तो कशाचा रंग आहे हे आम्हा सगळ्यांना बघताक्षणीच कळलं. ताज्या सारवलेल्या जमिनीचा.

"अहो," रेणुका मला बाजूला घेऊन म्हणाली, "शेण कालवून कालवून हात गेले माझ्या सासूचे. पक्क्या घरात आलो. आता नांदेडहून डबे बोलावून परत सारवण?"

"मग नाही म्हणू?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "नाही. त्या फरशीकडून पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यांनी."

डबे निघाले आणि सरहद्दीवरच्या नाक्यावर अडकले. आमच्या तेलुगू मुलखात वेगळ्या राज्याचं आंदोलन तेव्हा ऐन भरात होतं. आज बंद, उद्या रास्ता रोको, परवा दोन्ही. पण आमचे डबे बंदामुळे अडले नव्हते, ते गणितामुळे अडले. एपॉक्सी दोन डब्यांत येतं. एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारा पदार्थ. दोन्ही कालवल्याशिवाय फरशी होत नाही, नुसती राळ वर्षभर पाकासारखी पडून राहते. बिलावर मात्र दोघांचा मिळून एकच माल लिहिलेला.

"बिल्लु ओकटि, डब्बालु रेंडु," नाक्यावरचा कारकून म्हणाला. बिल एक, डबे दोन. माणूस सज्जन होता. बिलात एक माल आहे म्हणून एक डबा त्याने सोडला आणि दुसरा बेवारस ठरवून ठेवून घेतला. अशा रीतीने नवरी घरी येऊन बसली आणि नवरदेव नाक्यावर.

मी दरख्वास्त घेऊन गेलो. "रेपु रंडी सारु," तो म्हणाला, म्हणजे उद्या या. उद्या बंद होता. बंद उठल्यावर गेलो तर मोठे साहेब दौऱ्यावर. साहेब आले तेव्हा त्यांनी दरख्वास्तीवर लिहिलं, "दोन वस्तू एक कशा, याचा खुलासा व्हावा." चोख वाक्य. मी अडत दुकानात असतो, मला अशा वाक्यांची कदर आहे. खुलासा कसा करायचा हे मात्र कळेना.

शेवटी चंपतलाच घेऊन गेलो. त्याने घरच्या डब्यातली थोडी राळ बाटलीत आणली होती. कारकुनाच्या टेबलावरचा चहाचा रिकामा ग्लास त्याने उचलला, त्यात राळ ओतली, अडकवलेल्या डब्यातलं थोडं औषध टाकलं आणि चमच्याने ढवळत बसला. सगळं ऑफिस जमलं. ग्लास तापू लागला. कारकुनाने बोट लावलं आणि "अय्यो!" करून मागे सरला. गप्पांत थोडा वेळ गेला, आणि चंपतने चमचा वर उचलला तर चमच्याबरोबर ग्लास वर आला.

"आता सांगा सारु," चंपत म्हणाला, "वस्तू किती?"

"ओकटि," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. तो ग्लास चमच्यासकट त्यांनी कागदांवर वजन म्हणून ठेवून घेतला. पुढे कधी त्या रस्त्याने गेलो तर दिसायचा. भैंशाच्या बाहेर आमच्या फरशीचा तेवढाच तुकडा आहे.

मग घर रिकामं करणं आलं. फ्रीज उद्धवरावांकडे, शेगडी सोनाबाईंकडे, आम्ही झोपायला सोनाबाईंच्या ओसरीवर. बापूजींनी मात्र खोली सोडायला साफ नकार दिला. सोडायची तर टाईलवरून जावं लागणार होतं, आणि उचलून नेतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. म्हणजे बैठकीत काम सुरू, आणि पलीकडे बापूजी बेटावर. त्यांच्या खोलीची खिडकी बोळाकडे उघडते. रेणुका बोळात उभी राहून खिडकीतून भाकरी, भाजी, चहा देऊ लागली.

खिडकीतून ताट जातं म्हटल्यावर बोळातून जाणारा थांबणारच. आधी दूधवाला थांबला. मग बाकड्यावरचे दोस्त आले. घरात यायचं नव्हतं, चहा घ्यायचा नव्हता, सून समोर नव्हती. दोन दिवसांत पानवाल्याचं बाकडं जणू आमच्या बोळात येऊन बसलं. बापूजी खिडकीच्या गजाला धरून तासन् तास उभे. ज्या माणसाला चौकटीपर्यंत येववत नव्हतं, तो गजाला धरून मार्केट कमिटीचे वाभाडे काढत होता.

इकडे टाईल घासून झाल्या, सांधे भरले, आणि लक्षात आलं की जमीन उंच होणार, म्हणजे बापूजींच्या खोलीचं दार खाली घासणार. दार काढून सुताराकडे तासायला दिलं. सुतार म्हणाला उद्या देतो. सुतारांचं आणि नाक्याचं उद्या एकाच पंचांगातलं असतं. दाराच्या जागी मी चादर टांगली.

ओतण्याच्या दिवशी चंपतने सगळ्यांना समोर उभं करून ताकीद दिली. "उद्या सकाळपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही. धुळीचा एक कण नको. वरून पडलं की चिकटलं."

"धूळ?" रेणुकाला ते लागलं. "आमच्या घरात?" तिने भिंतीसुद्धा पुसून घेतल्या होत्या.

आता इथे मला माझ्या गावाबद्दल काही बोलायचं आहे. उद्धवरावांनी रंगाचा सल्ला दिला. सोनाबाईंनी हळदीचा दिला. कुणी म्हणालं अमावास्या बघा, कुणी म्हणालं ईशान्य कोपऱ्यापासून ओता. दूधवाल्यानेसुद्धा मत दिलं. जिनिंगमध्ये जन्म घालवलेले बापूजी घरात होते, कापसाच्या अडतीत बसणारा मी होतो. पण दिवस ऐन हंगामाचे आहेत, बोळाच्या टोकाला जिनिंग दिवसरात्र चालू आहे, आणि या दिवसांत भैंशाच्या हवेत कापूस असतो, हे एकालाही आठवलं नाही. आठवणार कसं? तो आमच्या मिशीवर असतो, दुधाच्या सायीवर असतो, पोलिसाच्या टोपीवर असतो. आम्ही त्याला वस्तू समजतच नाही. आम्हाला तो हवेचा भाग वाटतो. नांदेडचा चंपत बाहेरचा खरा, पण तो विचारत होता धुळीबद्दल, आणि धूळ आमच्याकडे खरोखरच नव्हती.

एपॉक्सी ओतलं. काय दिसलं म्हणून सांगू! हिरवट तपकिरी तळं भिंतीपासून भिंतीपर्यंत आपणहून पसरलं आणि निवांत झालं. चादरीमागून आवाज आला.

"भगवंता, पाहू तं दे."

"उद्या बघा बापूजी. खिडकी लावून घ्या आता."

"वासानं माराचं हाय काय मले? खिडकी राहू दे उघडी."

मी फार ताणलं नाही. आम्ही समोरच्या दाराला कुलूप घालून सोनाबाईंकडे गेलो. मागे काठीने चादर सरल्याचा आवाज मी ऐकला होता. म्हातारा वर्षाने बैठकीकडे बघतोय, बघू दे, असं म्हणालो.

सकाळी कुलूप काढलं तर फरशीला मिशा फुटल्या होत्या.

खिडकीतून आलेला वारा, दार सुताराकडे, चादर बाजूला. रात्रभर जिनिंगचा कापूस बापूजींच्या डोक्यावरून बैठकीत येत राहिला आणि ज्याला जिथे जागा मिळाली तिथे बसला. कुठे धागा, कुठे पुंजका, कुठे अर्धा आत अर्धा बाहेर. हात लावून पाहिलं, दगडासारखं घट्ट. बुडालेला कापूस पुढल्या हंगामापर्यंत तरी निघणार नव्हता.

उद्धवरावांनी डोकावलं. "नवीन डिझाइन हाय काय?"

चंपतने उकिडवं बसून एक पुंजका ओढून पाहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही फरशी सांगितली होती. रजई वेगळी सांगावी लागती."

मग त्याने उपाय सांगितला. पूर्ण घासून काढायचं, पुन्हा ओतायचं, म्हणजे पुन्हा दोन डबे, पुन्हा नाका. घासायचं मशीन मुधोळच्या कामावर होतं. "उद्या आणतो," म्हणून तो गेला. मी समोरचं दार आतून कडी लावून बंद केलं, कारण बोळात बातमी पोचली होती आणि लोक चपला काढून दर्शनाला यायच्या बेतात होते. त्या केसाळ जमिनीवरून चालत स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर पडलो आणि सोनाबाईंकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

"भाऊजी, च्या घ्या," सोनाबाई म्हणाल्या. त्यांनी हसू दाबलं, याबद्दल मी त्यांना कायम जमेला धरीन.

रेणुका पदराला चिकटलेला कापूस वेचत होती. फरशीचं मला एवढं वाटत नव्हतं. बापूजींनी रंग निवडला होता, चादर सारून पाहिलं होतं. आता पुन्हा घासणं, पुन्हा वास, पुन्हा महिना. तोवर बघायची हौसही आटली तर?

तेवढ्यात आमच्या घरासमोर आरडाओरडा ऐकू आला. उद्धवरावांच्या बायकोला आमच्या फ्रीजचा कंटाळा आला होता. उद्धवरावांनी तो हातगाड्यावर घालून परत आणला होता आणि दार ठोकत होते.

"भगवंतराव! ओ भगवंतराव! गाडेवाला थांबून राह्यला!"

आणि मग दुसरा आवाज, "दार तोडता काय बे? काऊन बोंबलून राह्यले?"

मी आणि रेणुका धावत बाहेर आलो. आमचं समोरचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर बापूजी उभे होते. एक हात चौकटीवर, एक कमरेवर. उद्धवरावांना झापत होते.

"फ्रीज हाय का गनपती? वाजतगाजत आनला तं!"

"बापूजी," मी म्हणालो. "तुम्ही... कडी कुणी काढली?"

"म्या."

"पण तुम्ही आलात कसे?"

"पायानं. आनखी कायनं येतेत?"

रेणुका त्यांच्या पायांकडे बघत राहिली. तेव्हा बापूजींनीही खाली पाहिलं. मग वळून मागे पाहिलं, आतल्या खोलीच्या रिकाम्या चौकटीपासून उंबऱ्यापर्यंत, सगळी बैठक. त्यांच्या चेहऱ्यावर काही क्षण मोठा घोळ होता. हातगाडेवाला काही विचारायला निघाला, उद्धवरावांनी त्याचा दंड धरला. एवढा समंजसपणा मी त्यांच्यात आधी पाहिला नव्हता.

बापूजींनी चौकट सोडली. बेरीज बरोबर आली तरी माणूस परत एकदा मांडून बघतो, तसे ते हळूहळू आतल्या खोलीपर्यंत चालत गेले. तिथून फिरले. परत आले. मधल्या जागेवर थांबून त्यांनी तळवा जमिनीवर मागेपुढे घासला. कापसाच्या मिशा त्यांच्या टाचेखाली करकरल्या.

"धरते," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "धरते बे हे!"

दुसऱ्या दिवशी चंपत मशीन घेऊन आला तेव्हा बैठकीच्या मधोमध खुर्ची होती आणि खुर्चीवर बापूजी.

"आजोबा, जरा बाजूला व्हा. घासायचंय."

"कोन म्हनते?"

"असं कसं ठेवायचं? मळ बसंल, धागे सुटतील. माझं नाव खराब होईल."

"तुह्या नावावर मले चालाचं हाय काय?"

तडजोड रेणुकाने काढली. घासायचं नाही. वर निघालेली टोकं तेवढी कातरून टाकायची आणि त्यावरूनच ते बिनचकाकीचं पीयू द्यायचं, पातळ, म्हणजे कापूस आत दबेल आणि खडबड राहील. चंपतने कपाळाला हात लावला, मग वाकून एका कोपऱ्यात करून पाहिलं, आणि उठताना त्याचा चेहरा बदललेला होता. "जमतंय," म्हणाला.

"पुसायला त्रास होईल तुला," मी रेणुकाला म्हणालो. "फडकं अडकेल."

"अडकू दे. वर्षभर माणूस अडकून होतं घरात, ते जास्त वाईट होतं."

पीयू चढलं. या खेपेला खिडकी बंद, दार जागेवर, आणि बापूजी सोनाबाईंच्या ओसरीवर, स्वतःच्या पायांनी गेलेले. फरशी कशी झाली विचाराल तर सारवलेल्या भुईसारखीच झाली. जवळून पाहिलं तर तिच्या पोटात ढग असावेत तसे पांढरे पुंजके दिसतात. चंपतने मोबाइलवर तिचे फोटो काढून नेले. नांदेडला तो ते "स्पेशल कॉटन काम" म्हणून गिऱ्हाइकांना दाखवतो असं ऐकतो. मधे त्याचा फोन आला होता. एका गिऱ्हाइकाला तसंच हवंय, पण तिकडे कापूस हाताने टाकला की नीट पडत नाही. तुम्ही नेमकं काय केलं होतं? मी म्हटलं, आम्ही काही केलं नव्हतं, हीच त्यातली करामत आहे.

आता आमच्या घरची तक्रार वेगळी आहे. बापूजी घरात सापडत नाहीत. संध्याकाळ झाली की ते बैठक ओलांडतात, चपला घालतात आणि बाकड्यावर जाऊन बसतात. जेवायची वेळ होते, रेणुका मला पाठवते. परवाही गेलो. बाकड्याभोवती पाच-सहा जण, मधे बापूजी.

"ह्यानं लय फळ्या पाह्यल्या," ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते. "हे पाह्यलं, ते पाह्यलं, पडूनसुद्धा पाह्यलं. पन खिडकी कोनं उघडी ठेवली? म्या!"

सगळे हसले. मी उभाच होतो. मला कुणी बस म्हणालं नाही.

"चला ना बापूजी. भाकरी थंड होऊन राह्यली."

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मले रस्ता मालूम हाय."

मी पुढे झालो. कोपऱ्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. कोपऱ्यावर पाहिलं, एकदाच. ते उठले होते, धोतराचा सोगा सावरत चालत येत होते, आणि चालता चालता कुणाला तरी थांबवून सांगत होते की पीयू म्हणजे काय.